नुसतं बघणारे

सगळे कॉम्प्युटर एकत्र जोडणाऱ्या नव्या पेटीच्या सहाव्या पोर्टला विशालने पंपघराचं नाव दिलं आणि खुर्ची मागे सारली.

“आता बघा, कान्हूदादा. कीबोर्ड एक, स्क्रीन एक, आणि सगळे कॉम्प्युटर त्यावर. मुंबईच्या ऑफिसलाही फोनच्या लाइनवरून हेच दिसणार.”

“मंग पंप तेच चालवतील की!” कान्हू हसला.

विशालला हसू आलं नाही. तो पेणच्या मास्तरांचा मुलगा, इथला इंजिनियर. कान्हू इथलाच, रोह्याच्या वाटेवरच्या या कारखान्यात त्याच्या बापाची भातशेती गेली आणि बदल्यात त्याला ही कंट्रोल रूममधली नोकरी मिळाली. गेल्या हिवाळ्यात त्याच्याच अंगणात विशालने मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खाल्ली होती, बोटं चाटूनपुसून.

कंट्रोल रूममधल्या सगळ्यांची नावं कॉम्प्युटरवर तीन गटांत घालायची होती: सगळं बदलणारे, मशीन चालवणारे आणि नुसतं बघणारे. सकाळीच मुंबईहून साहेबांचा फोन आला होता. गावातले सगळे बघणाऱ्यांत टाक, पुढच्या महिन्यात त्यांच्या खुर्च्याच काढायच्यात. विशालच्या तोंडून साधं ‘पण’सुद्धा निघालं नाही. ‘हो सर’ मात्र लगेच निघालं.

त्याने कान्हूचं नाव बघणाऱ्यांत घातलं. आता ज्याचं नाव घातलं, त्याच्याच हातून बटण चालतं का ते तपासायचं होतं.

“पंप बंद करून बघा जरा.”

कान्हूने बटण दाबलं. बाहेर पंप घरघरतच राहिला. त्याने पुन्हा दाबलं. मग कीबोर्ड उलटा करून ठोकला, खांद्यावरच्या नॅपकिनने पुसला, वायर काढून परत खोचली.

“परवा चहा सांडला होता, साहेब. माजीच चूक.”

“असेल,” विशाल म्हणाला. इतकं नीच तो आजवर काही बोलला नव्हता, आणि हे त्याला बोलतानाच कळलं.

“तुमी दाबा बघू.”

आता सुटका नव्हती. विशालने स्वतःचं नाव टाकलं आणि तेच बटण दाबलं. पंप थांबला.

कान्हू कीबोर्डकडे बघत राहिला. मग नॅपकिनची घडी घालत म्हणाला, “जमीन गेल्यावर बापूस माजा रोज कुंपनाशी येऊन उभा राह्यचा. वाचमन हाकलायचा. तर बापूस त्याला सांगायचा, बघतोय रे फकस्त, हात नाय लावत.”

“कान्हूदादा, वरून आलंय हे. माझ्या हातात...”

विशालने वाक्य अर्धंच सोडलं, कारण त्याचा हात अजून त्या बटणावरच होता.

स्क्रीनवर टाकीच्या पातळीचा आकडा खाली येऊ लागला. कान्हूला तो विशालच्या आधी दिसला. त्याने सवयीने बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं.

“पंप चालू करा, साहेब,” तो म्हणाला. “टाकी उतरतेय.”