लमाईने निवडलेली सोबत

"सहा दिवस," थोंगयू म्हणाले. पक्षाघाताने ते चाकाच्या खुर्चीला खिळले होते, जीभ जड झाली होती, पण असलं काही बोलायचं असलं की शब्द बरोबर सुटायचे. "सातव्या दिवशी टाकीत एकच मासा उरेल. कुठला, ते सांगायला नको."

"मी तर चारच देतो," शेजारच्या खुर्चीतून प्लेंग काका म्हणाले. "झुंजीच्या फायटर माशाला शेजारी द्यायचे म्हणजे मांजराला ताट वाढायचं."

आरोग्य केंद्राच्या व्यायामाच्या खोलीतली म्हातारी मंडळी हसली. लमाई टाकीवर वाकून उभी होती, हात कोपरापर्यंत पाण्यात. तिने पाणवनस्पतीचं शेवटचं रोप वाळूत रोवलं, हात पुसला आणि वडिलांकडे न बघताच म्हणाली, "बाबा, अजून फायटर टाकलाच नाही मी. आधी बाकीचे रुळू देत."

"रुळू देत म्हणे!" थोंगयू प्लेंगकडे वळले. "ऐकलंस? पाहुणे आधी, घरधनी मागून."

"तसंच करायचं असतं. तो आधी आला तर सगळी टाकी स्वतःची समजतो. मागून आला की आधीच्यांना निमूट जागा देतो."

"कुणी शिकवलं तुला हे?"

लमाई टाकीची काच पुसू लागली. कुणीच शिकवलं नव्हतं.

थाचिन नदीच्या काठच्या त्या गावात थोंगयूंचं नाव माशांमुळे होतं. ऐन उमेदीत त्यांच्या झुंजीच्या माशांना तीन जिल्ह्यांत तोड नव्हती. जत्रेच्या दिवसांत अनोळखी माणसं होडीतून येत आणि धक्क्यावरूनच विचारत, "थोंगयूंचं घर कुठलं?" त्यांनी आपली विद्या थोरल्या मुलाला दिली. तो पुढे बँकॉकला गेला, बस चालवू लागला आणि मासे विसरला. लमाईला त्यांनी बाटल्या धुवायला बसवलं होतं. जे मासे शत्रूसमोर कल्ले फुलवत नसत, ते थोंगयू बदकांपुढे टाकत. बारा वर्षांची लमाई त्यातले काही ओंजळीत लपवून स्वयंपाकघरामागच्या रांजणात सोडायची. पुढे त्या रांजणाचे चाळीस रांजण झाले. लग्न झालं, नवरा वारला, ती माहेरी परत आली, आरोग्य केंद्रात मदतनीस म्हणून लागली. मासे चालूच राहिले. थोंगयूंनी त्या मागच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. "भित्र्यांची धर्मशाळा" असं ते त्याला म्हणत.

टाकीची कल्पना पिमदाची. ही तरुण मुलगी केंद्रात व्यायाम शिकवायला आली होती आणि म्हातारी माणसं येतच नाहीत म्हणून रडकुंडीला आली होती. माणसं आली तरी भिंतीकडे तोंड करून बसायची. तिला कुणाकडून तरी दोन फुटांची काचेची टाकी मिळाली.

"मावशी, छान रंगीबेरंगी करू या," ती म्हणाली होती. "दोन फायटर, एक लाल, एक निळा. आणि ते पिसाऱ्यासारख्या शेपटीचे गप्पी."

"दोन फायटर टाकले तर संध्याकाळपर्यंत एकाला पुरावं लागेल," लमाई म्हणाली. "आणि गप्पीची शेपटी बघून त्याला वाटतं, हा दुसरा नरच आला."

"मग एकटाच ठेवायचा?"

लमाईने हातातलं काम बाजूला ठेवलं. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला तिच्या माशांबद्दल कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं.

"नाही," ती म्हणाली. "सोबत देता येते. पण मला निवडू द्या. आणि महिनाभर मला कुणी घाई करायची नाही."

आधी तिने सोबती निवडले. गावामागच्या ओढ्यातले नखाएवढे तांबूस मासे बारा आणले. सहा आणले तर घाबरून कोपऱ्यात बसतात, बारा असले की आपापसात रमतात. तळाशी राहणारे, गांडुळासारखे पट्टेरी मासे पाच. ते दिवसभर पानांखाली झोपतात, वर यायची त्यांना गरजच पडत नाही. तीन गोगलगाई. चिमटे काढणारा, शेपट्या कुरतडणारा एकही नको. पाणी ढवळणारा पंप नको, फायटरला वाहतं पाणी सोसत नाही. देशी बदामाची वाळकी पानं टाकली, तसं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. पिमदाला ते मळकट वाटलं. "त्याला असंच आवडतं," लमाई म्हणाली.

मग फायटर. तिच्याकडे अकरा तरुण नर होते. प्रत्येकाला तिने वेगळ्या बाटलीत ठेवलं, आधी गोगलगाय दाखवली, मग आरसा, मग बाटलीशेजारी बाटली ठेवून ते तांबूस मासे. कोण किती वेळ फुगून राहतो, कोण विसरतो, कोण काचेवर धडका देत राहतो, ते ती कामावरून आल्यावर रोज बघत बसायची. काही रागीट निघाले. एक इतका भित्रा निघाला की त्याचीच काळजी वाटावी. शेवटी उरला तो दिसायला सगळ्यात साधा. गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा, उन्हात धरला तरच खवल्यांवर हिरवी झाक मारायची. आरशासमोर तो ऐटीत फुलला, दोन फेऱ्या मारल्या आणि आपल्या कामाला लागला.

"हा?" थोंगयूंनी तो बघून तोंड वाकडं केलं. "हा तर मातीचा दिसतो."

"हाच," लमाई म्हणाली.

पैज तिथेच लागली. महिनाभर टाकीतले सगळे शाबूत राहिले तर थोंगयूंनी पिमदाने व्यायामासाठी मांडलेल्या तीन लाकडी पायऱ्या चढायच्या, शिव्या न देता. दोन महिने झाले, त्यांनी त्या पायऱ्यांना पायही लावला नव्हता. आणि मासे मेले तर पिमदाने पुन्हा कधी पायऱ्यांचं नाव काढायचं नाही.

"चालेल," पिमदा म्हणाली आणि बाजूला येऊन लमाईच्या कानात कुजबुजली, "मावशी, नक्की ना?"

"मासा आहे तो. नक्की कसं सांगू? पण मी नीट बघून निवडलाय."

पहिल्या दिवशी फायटरने टाकीभर फिरून सगळ्यांची झडती घेतली. तांबूस माशांच्या घोळक्यात तो घुसला, तेव्हा सगळे खुर्च्यांत पुढे सरकले. घोळका दुभंगला, पुन्हा जुळला. फायटर क्षणभर थांबला, मग वर जाऊन तरंगत्या पानाखाली विसावला.

"पोट भरलेलं असेल," प्लेंग काका म्हणाले.

चौथा दिवस गेला. सातवा गेला. जे म्हातारे आठवड्यातून एकदा नाइलाजाने यायचे ते आता रोज, वेळेआधी येऊन टाकीसमोरच्या खुर्च्या अडवू लागले. मोजणी सुरू झाली. "बारा आहेत?" "अकरा दिसतात." "पानामागे बघ रे, आंधळ्या!" मान वळवायचा, हात उचलायचा व्यायाम त्यांचा त्या मोजणीतच होऊन जायचा. पिमदा हे बघून गालातल्या गालात हसायची. थोंगयू मात्र मोजणीत भाग घेत नसत. ते नुसते बघत. पण लमाईच्या लक्षात आलं होतं, घरी जेवताना ते आता टाकीबद्दल विचारायचे, आडवळणाने.

"ते तळातले पाच, रात्री वर येत असतील."

"येतात."

"मग तेव्हा तो काय करतो?"

"झोपतो, बाबा."

"हं," असं म्हणून ते पेज ओरपू लागायचे.

बाविसाव्या दिवशी लमाई डेंग्यूच्या फेरीवर गेली होती. घरोघरचे रांजण तपासायचे, अळ्या सापडल्या की घरमालकाला चार शब्द सुनवायचे आणि अळ्या माशांसाठी पिशवीत भरून घ्यायच्या, हे तिचं आवडतं काम. दुपारी भाताच्या शेतांपलीकडल्या वस्तीवर असताना पिमदाचा फोन आला. "मावशी, लगेच या. आजोबा... नाही, आजोबा ठीक आहेत. तुम्ही या फक्त."

लमाईने स्कूटर अशी हाणली की पिशवीतलं अर्धं पाणी तिच्याच मांडीवर सांडलं.

झालं होतं ते असं. प्लेंग काकांना आपला चार दिवसांचा अंदाज चुकल्याचं फार लागलं होतं. त्यांच्या नातवाकडे एक झुंजीचा नर होता, निळाकाळा, देखणा. तो त्यांनी बाटलीत घालून, शर्टाखाली लपवून आणला. पिमदा शेजारच्या खोलीत एका आजीचा गुडघा शेकत होती. प्लेंगनी थोंगयूंना डोळा मारला, म्हणाले, "जरा जुनी गंमत बघू या," आणि बाटली टाकीत उपडी केली.

निळा मासा बाहेर पडला आणि फुलला. तिकडून गंजक्या रंगाचा वर आला, तोही फुलला. अशा क्षणासाठी थोंगयूंनी आयुष्याची चाळीस वर्षं घालवली होती. प्लेंग टाळी वाजवायला हात उचलतच होते.

पहिल्याच झडपेत गंजक्या माशाच्या शेपटीचा लचका निघाला.

त्यानंतर थोंगयूंनी काय केलं ते प्लेंग काकांनी पुढे कित्येक महिने सगळ्यांना सांगितलं. व्यायामाची चित्रं असलेला प्लास्टिकचा जाड तक्ता त्यांच्या मांडीवर होता. तो त्यांनी डाव्या हाताने उचलला आणि दोन माशांच्या मधोमध सरळ पाण्यात खुपसला. चाकाची खुर्ची कलंडायला लागली, तसा त्यांनी निकामी उजवा हात टाकीच्या काठावर टाकला आणि सगळा भार त्यावर दिला.

लमाई धावत आत आली तेव्हा ते तसेच होते. बाही भिजलेली, कपाळावर घाम, डाव्या हाताने तक्ता घट्ट धरलेला. तक्त्याच्या एका बाजूला निळा धडका देत होता, दुसऱ्या बाजूला तिचा मासा फाटकी शेपटी घेऊन फुललेलाच होता. तांबूस मासे रोपांत दडले होते. प्लेंग काका जाळं घेऊन तोंड पाडून उभे होते, आणि पिमदाने थोंगयूंच्या पाठीला आधार दिला होता.

"पंचवीस मिनिटं झाली," पिमदा म्हणाली. "मी म्हटलं, मी धरते तक्ता. तर ऐकत नाहीत. काका जाळं टाकतो म्हणाले, तर अंगावर ओरडले."

"जाळं नको." थोंगयूंचे शब्द एकमेकांत अडकत होते. "त्या आंधळ्याला दिसत नाही. तिचे ते बारके... चेंगरतील. म्हटलं, तिला येऊ दे. टाकी तिची आहे."

लमाईने वाडगा घेतला, पाण्यात अलगद बुडवला आणि निळा मासा वळायची वाट बघितली. एका झोक्यात तो वाडग्यात आला. तिने तो प्लेंग काकांच्या हातात दिला.

"देखणा आहे, काका," ती म्हणाली. "घरी घेऊन जा त्याला. त्याची काही चूक नाही."

"पोरी, मी..."

"घेऊन जा."

मग तिने वडिलांच्या हातातून तक्ता सोडवला. बोटं उघडत नव्हती, एकेक करून सोडवावी लागली.

"मोज," थोंगयू म्हणाले.

"राहू द्या, बाबा. आधी तुमची बाही..."

"मोज म्हणतो ना!"

तिने मोजले. थोंगयू तिच्याबरोबर ओठ हलवत मोजत होते. नऊ. दहा. रोपामागून अकरावा. बराच वेळ बारावा दिसेना. मग तो गोगलगाईच्या मागून निघाला.

"बारा," लमाई म्हणाली.

"तळातले?"

"पाचही आहेत."

थोंगयूंनी मान मागे टेकली. दारात आता बरीच माणसं जमली होती, गुडघा शेकून घेणाऱ्या आजीसुद्धा लंगडत आल्या होत्या. थोंगयूंनी फाटक्या शेपटीच्या माशाकडे बोट केलं. तो फुलोरा मिटून आपल्या पानाखाली निघाला होता, वाटेत तांबूस माशांना वळसा घालून.

"बघा," ते मोठ्याने म्हणाले, जीभ जड असूनही सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नुकता झुंजून आलाय, रक्त तापलेलं आहे, तरी शेजाऱ्यांना हात लावत नाही. उभ्या जन्मात असा मासा मला निवडता आला नाही. माझ्या पोरीने निवडलाय."

लमाई फडकं शोधायच्या निमित्ताने बाहेर गेली. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून तिने तोंडावर दोनदा पाणी मारलं.

शेपटी भरून आली. महिना पुरा झाला. थोंगयू तीन पायऱ्या चढले. शिव्या दिल्या नाहीत, असं पिमदा म्हणते. दिल्या, पण पुटपुटत, असं प्लेंग काका म्हणतात.

पावसाळा उतरला तशी बातमी आसपासच्या गावांत पोचली होती. एका सकाळी सुफानहून एक मास्तर आले. शाळेत छोटी टाकी ठेवायची होती, मुलांनी दोनदा फायटर आणि गप्पी एकत्र ठेवून रडारड करून घेतली होती. थोंगयू धक्क्याच्या बाजूच्या ओट्यावर उन्हात बसले होते. मागच्या अंगणाचा रस्ता त्यांच्या खुर्चीने अडवला होता.

मास्तरांनी हात जोडले. "आजोबा, थोंगयूंचं घर हेच ना? माशांची माहिती असणारे...?"

थोंगयूंनी त्यांना नीट न्याहाळलं. "थोंगयू मीच," ते म्हणाले. "पण मासे लमाईचे. ती मागे आहे."

आणि त्यांनी डाव्या पायाने जमिनीला रेटा देऊन खुर्ची मागे घेतली. पहिल्यांदा चाक अडकलं. मास्तर मदतीला पुढे झाले, तसं त्यांनी हातानेच थांबवलं, पुन्हा रेटा दिला, आणि भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकून वाट मोकळी करून दिली.