आजचा शब्द

"डेमेअन," नलिनीबाई माइकमध्ये म्हणाल्या, आणि नववीच्या रांगेतून हसू फुटलं.

जोगेश्वरीतली ही शाळा मराठीची इंग्रजी माध्यमाची झाल्यापासून रोज प्रार्थनेनंतर एक शिक्षक 'आजचा शब्द' सांगे. शब्द, अर्थ आणि एक वाक्य. सत्तावीस वर्षं मराठी शिकवलेल्या नलिनी परबांची आज पहिली पाळी होती. रात्री शब्दकोशात अर्थ पाहून ठेवला होता: पाणउतारा करणे, स्वतःला कमीपणा आणणे. उच्चार मात्र क्षमाला विचारायचा राहिला. राहिला म्हणजे काय, पोटच्या मुलीला विचारायचीही लाज वाटली.

"डू नॉट डेमेअन युअर पेरेंट्स," त्यांनी वाक्य पुरं केलं.

वाक्य बरोबर होतं. पण सुपरवायझर इरावती मॅडमनी हसतच माइक घेतला. "इट्स डि-मीन, मॅम. चिल्ड्रन, लेट्स हेल्प मॅम!"

सगळं मैदान ओरडलं, "डि-मीन!"

"नाऊ यू, मॅम."

नलिनीबाई म्हणाल्या. जीभ पुन्हा अडखळली. पुन्हा सगळं मैदान ओरडलं. पुन्हा त्या म्हणाल्या. उच्चार जमला तेव्हा इरावती मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग मुलांनीही वाजवल्या.

जिन्यात मॅडमनी त्यांना गाठलं. "पर्सनली घेऊ नका हं. मुलांच्या कानावर चुकीचा उच्चार जायला नको ना. पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी करेल. तुम्ही मागे उभ्या राहून लाइन बघा."

बोलणं गोड होतं आणि खोटं नव्हतं. नलिनीबाई मान डोलावून जिना चढू लागल्या.

स्टाफरूममध्ये तीन तरुण शिक्षिका वह्या तपासत बसल्या होत्या. अक्षता चहा घेऊन आली. ती शाळेतली शिपाई, नलिनीबाईंच्या कणकवलीकडची. तिला इथे चिकटवली ती नलिनीबाईंनीच. मधल्या सुट्टीत दोघी मागच्या व्हरांड्यात डबा खात आणि मनसोक्त मालवणी बोलत.

"काय गो बाई, पोरां कित्याक हसत होती?" कप ठेवत अक्षतानं विचारलं. "सोड गो. त्या इंग्रजीक घाल चुलीत!"

तरुण शिक्षिकांपैकी एकीला हसू आवरलं नाही. नलिनीबाईंच्या कानशिलांत रक्त चढलं.

"अक्षता! कुणाशी कसं बोलायचं कळत नाही तुला? गो काय, बाई काय! शिपायानं शिपायासारखं राहावं. चहा ठेव आणि चालती हो."

खोलीत कुणी मान वर केली नाही. अक्षता तिथंच उभी होती, हातातला ट्रे छातीशी धरून. तिला राग आलेला दिसला नाही. भलत्याच घरात शिरलेलं माणूस जसं गडबडून जातं, तशी ती दिसत होती.

"चुकला, मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

नलिनीबाईंनी पुढचे दोन तास घेतले. फळ्यावर कविता लिहून दिली, स्वतः मात्र खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. अक्षताला हाक मारून काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत होत्या. एकही धड जुळेना.

मधली सुट्टी होताच त्या मागे गेल्या. व्हरांड्यात कुणी नव्हतं. अक्षता फाटकाजवळ बसच्या ड्रायव्हरांबरोबर पायरीवर बसली होती. मांडीवर डबा उघडा होता, भाकरीचा जेमतेम एक तुकडा मोडलेला.

"अक्षता, जेवूक येतंस मा? सकाळी माझ्या डोक्यातच गेलां. मनाक लावून घेव नको."

ती झटकन उठून उभी राहिली. आधी कधी अशी उभी राहिली नव्हती. "नाय मॅडम. माझा झाला जेवान. तुमी जेवा."

"अगो, मी काय..."

"काय हवा काय, मॅडम? पाणी आणू?"

ड्रायव्हर पाहत होते. नलिनीबाईंनी मान हलवली आणि परत फिरल्या.

स्टाफरूममध्ये एसी चालू होता. "कम, मॅम, सिट विथ अस," म्हणत तरुण शिक्षिकांनी सरकून जागा दिली. नलिनीबाई बसल्या. डब्यात बांगड्याचं तिखलं होतं, दोघींपुरतं. बंद खोलीत माशाचा वास सुटेल म्हणून त्यांनी तो कप्पा उघडलाच नाही. कोरडा भात पाण्याच्या घोटाबरोबर गिळत राहिल्या.