अडतीस ग्राम

धर्मेंद्रनं उभ्या आयुष्यात एकच वजन पोखरलं होतं, आणि त्याच्या लेकीनं ट्रंकेतून नेमकं तेच उचललं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

अमरावतीच्या राजापेठेत ट्यूशन क्लासच्या गल्लीच्या तोंडाशी धर्मेंद्रची भाजीची गाडी. माल घरचा, बडनेऱ्याकडच्या दोन एकरातला. वीस वर्षं एकाच जागी उभा राहिलेला माणूस, त्यामुळे गिऱ्हाईकही बांधलेलं. अर्धा किलो वांगी घेतली की वरून दोन मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी ठरलेली. "धर्माचा हात सढळ आहे बाप्पा," असं मागच्या गल्लीतली माणिकबाई ज्याला त्याला सांगायची. धर्मेंद्र ऐकून हसायचा. कारण त्या अर्ध्या किलोच्या लोखंडी वजनाच्या बुडातलं शिसं त्यानं रागिणीच्या जन्माच्या साली छन्नीनं कोरून काढलं होतं. अडतीस ग्राम. शेजारच्या गाडीवाल्यांनी कोरली, म्हणून यानंही कोरलं. मनाला समजवायला एक वाक्य तयार ठेवलं होतं, "अडतीस ग्रामनं कोणाचं घर बुडते?" पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला, जुनी वजनं ट्रंकेत गेली. विषय संपला, असं त्याला वाटलं. विषय असे संपत असते तर काय पाहिजे होतं!

रागिणी आता वीस वर्षांची. माणिकबाईचा मुलगा विपुल एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये दहा मीटर एअर पिस्तूल शिकवायचा. माणिकबाईनंच त्याला सांगितलं होतं, "धर्माची पोरगी आहे, नीट शिकव तिले. इमानदार मानसाची लेक आहे." शाळेत असताना पोरगी तिथं गेली आणि तिथलीच झाली. हात असा स्थिर, की विपुल सर नवीन पोरांना तिच्यामागे उभं करून नुसतं बघायला लावायचे.

आणि नियमांच्या बाबतीत तर ती भारी काटेकोर. नियमांचे कागद तिनं गणपतीच्या फोटोखाली चिकटवले होते. बाप मेथीच्या जुड्या बांधायचा आणि ती वाचून दाखवायची. पिस्तूल ठरलेल्या मापाच्या पेटीत बसलं पाहिजे. लाकडी मूठ आपल्या हाताप्रमाणे घासायची, लांबी, म्हणजे पुट्टी, लावून भरायची मोकळीक आहे, पण मुठीनं मनगटाला आधार देता कामा नये. एकदा तिनं भरलेली लांबी मनगटाला जेमतेम टेकत होती. सर म्हणाले, "इतकं कोन पाह्यते?" पण हिनं बसून सगळी खरवडून काढली.

"अन् घोडा पाचशे ग्रामच्या आत सुटला नाही पाह्यजे, बाबा. पिस्तूल उभं धरायचं, घोड्याले अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं अन् उचलायचं. वजन जमिनीवरून उठलं अन् घोडा सुटला नाही, तं पास. सुटला तं बाद."

"मंग जड करून ठेव ना."

"जड केला तं बोट ओढताना हात हालते. सारेच पाचशेच्या काठावर ठेवतात. पाचशे दहा, पाचशे पंधरा."

म्हणजे नियम धर्मेंद्रला माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. पाठ होता.

गेल्या वर्षी क्लबचं तपासायचं वजन कुठंतरी हरवलं. सर म्हणाले, प्रत्येकानं घरी एक अर्ध्या किलोचं पक्कं वजन ठेवा. रागिणी तोऱ्यात म्हणाली, "सर, आमचा तं धंदाच वजनाचा आहे!" घरी येऊन ट्रंक उघडली, वजन काढलं, वरच्या कडीत तार वळवून आकडा केला. शिक्का वरच्या बाजूला होता. बूड कोण बघतो?

धर्मेंद्र हातपाय धुऊन आत आला आणि ते वजन तिच्या हातात पाहून हात पुसायचा विसरला.

"ते जुनं आहे बेटा. मी नवीन आणून देतो."

"काऊन? याच्यात काय खोटं आहे?"

तिनं सहज विचारलं होतं, तोंडात पोळीचा घास धरून. धर्मेंद्रनं ओले हात सदऱ्याला पुसले. आता बोलावं तर वीस वर्षांचं बोलावं लागणार. "काही नाही," तो म्हणाला. मनात ते तयार वाक्य आलंच, अडतीस ग्रामनं काय होते? नवीन वजन आणायचं त्यानं त्या आठवड्यात ठरवलं, मग पुढच्या, मग दिवाळीनंतर. शेवटी न ठरवताच राहून गेलं.

विभागाची स्पर्धा अकोल्याला होती. पहिल्या चौघींना राज्याच्या निवड शिबिराचं बोलावणं. रागिणीनं त्यासाठी दोन वर्षं सण पाहिला नव्हता, मावसबहिणीच्या लग्नालाही गेली नव्हती. धर्मेंद्रनं गाडी बंद ठेवली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळच्या एस.टी.नं दोघं निघाले. विपुल सर मोटरसायकलनं पुढे गेले होते.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये नेमबाजी. सुरुवातीला पेटीत पिस्तूल बसतं का, मूठ बरोबर आहे का, हे तपासून चिकटपट्टी लावत होते. घोड्याच्या वजनाची काळजी मात्र ज्याची त्यानं घ्यायची. दाराजवळ टेबलावर सरकारी शिक्क्याचं वजन ठेवलं होतं. ज्याला वाटेल त्यानं आधी उचलून पाहावं, स्क्रू फिरवून घ्यावा. स्पर्धा झाली की चिठ्ठ्या काढून काही जणांचं तपासणार, आणि तेव्हा सुटला तर थेट बाद.

टेबलासमोर आठ-दहा पोरींची रांग होती. धर्मेंद्र डब्याची पिशवी धरून उभा. टेबल दहा पावलांवर होतं.

"रागिणी, तपासून घेतं का एकदा?"

"काल रात्री तपासलं ना, बाबा. तीनदा." तिनं पिशवीवर थाप मारली. वजन तिनं सोबतच आणलं होतं. "तुमचं वजन आहे. त्याच्यापुढे या टेबलावरच्याचं काय घेऊन बसले?"

सांगायचं तर तेवढ्या एका वाक्याची गरज होती. 'बेटा, ते वजन कमी आहे.' एवढंच. स्क्रू दोन फेरे फिरला असता आणि सगळं मिटलं असतं. पण बाजूला विपुल सर उभे होते, माणिकबाईचा मुलगा. धर्मेंद्रनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बरं," तो म्हणाला.

पोरगी सुंदर खेळली हो. साठ गोळ्या, सव्वा तास. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा लागला, तिसरा नंबर. विपुल सरांनी धर्मेंद्रला मिठीच मारली. धर्मेंद्र हसत होता, पण डोळे चिठ्ठ्यांच्या डब्यावर होते. आयुष्यभर नवस न बोललेला माणूस, त्यानं तिथं उभ्या उभ्या गुरुकुंज मोझरीच्या समाधीला अनवाणी चालत येईन म्हणून टाकलं.

चिठ्ठी निघाली, सात नंबर. रागिणीचाच.

परीक्षक करिश्मा मॅडम अकोल्याच्या, शांत बाई. त्यांनी पिस्तूल उभं धरलं, वजन अडकवलं, उचललं. टक्. घोडा सुटला. दुसऱ्यांदा, टक्. तिसऱ्यांदा रागिणीनं स्वतः उचललं, श्वास धरून, हळूहळू. टक्.

"बाद," मॅडमनी लिहिलं.

"मॅडम, असं होऊच शकत नाही! मी घरी पुऱ्या अर्ध्या किलोनं तपासलं." रागिणीनं पिशवीतून वजन काढून टेबलावर ठेवलं. केवढ्या विश्वासानं ठेवलं! धर्मेंद्रला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

मॅडमनी ते छोट्या काट्यावर ठेवलं. चारशे बासष्ट. तारेचा आकडा सोडून. मग त्यांनी वजन उलटं केलं. बुडाला बोटाचं टोक जाईल एवढी खळी, आत छन्नीचे ओरखडे. भोवती पोरी, त्यांचे आईबाप, सगळे वाकून पाहू लागले. एक जण हळूच म्हणाला, "काटा मारायचं वजन आहे हे."

रागिणीनं त्या खळीकडे पाहिलं. मग मान वर करून बापाकडे पाहिलं. एकदाच. भाजीवाल्याची पोर ती, तिला शिकवावं लागलं नाही.

"कोणाचं आहे हे वजन?" मॅडमनी विचारलं.

"माह्यं आहे," रागिणी म्हणाली. "भंगारातून आणलं मी."

"म्हणजे तू जाणूनबुजून हलकं वजन वापरलंस? नुसतं बाद होणं वेगळं. हे मला अहवालात लिहावं लागेल. वर्षभर खेळता येणार नाही तुला. विचार करून सांग."

"माह्यंच आहे."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. बोल मर्दा, बोल, असं आतून कोणी म्हणत होतं आणि धर्मेंद्र भोवतीची माणसं निरखत होता. ओळखीचे चार चेहरे अमरावतीचे. उद्या राजापेठेत ही बात पोचणार. लेक खोटं बोलून बापाची अब्रू झाकत होती, आणि बाप झाकू देत होता. मॅडमनी पेन उचललं तेव्हा कुठं त्याच्या तोंडातून आवाज फुटला.

"मॅडम, माह्यं आहे ते. मी भाजी इकतो. मीच कोरलं. तिले ठाऊक नाही."

"बाबा, तुमी चूप बसा."

"नाही बेटा. लिहा मॅडम, मी सही देतो."

मॅडमनी लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यानं सही केली. वर्षाची बंदी टळली. बाद ती बादच, शिबिर गेलं. पाचव्या नंबरच्या पोरीचं नाव वर सरकवलं, तिच्या आईला रडू फुटलं, आनंदाचं.

विपुल सरांनी टेबलावरचं वजन उचललं, खळीत अंगठा फिरवला. ते रागावले असते तर धर्मेंद्रला बरं वाटलं असतं.

"माह्यी आई याच वजनानं भाजी घेत होती ना, धर्मेंद्रभाऊ?"

"हो, सर."

"मीच काट्यावर ठेवून पाह्याले पाह्यजे होतं," सर म्हणाले. "पण तुमचं वजन म्हनून नाही पाह्यलं."

परतीच्या एस.टी.त रागिणी खिडकीशी बसली. डबा तसाच होता. मूर्तिजापूर आलं, गेलं. धर्मेंद्रनं तीनदा घसा साफ केला.

"बेटा, मी..."

"मी 'माह्यं आहे' म्हनलं, तवा समोर घड्याळ होतं," ती बाहेर बघतच म्हणाली. "दीड मिनिट तुमी चूप होते, बाबा. मले वाटलं, तुमी बोलतच नाही आता."

वजनाची चोरी जुनी होती, ती माफ करता आली असती कदाचित. हे दीड मिनिट त्याच दिवशीचं, ताजं होतं. बडनेऱ्यापर्यंत धर्मेंद्र स्वतःच्या चपलांकडे बघत बसला. घरी बायकोनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला आणि ताट न वाढता आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो माणिकबाईच्या दारी गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं, हात जोडले. म्हातारीनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि दार लोटलं. आठ दिवसांनी गाडीवर आली, अर्धा किलो दोडकी मागितली. त्यानं काट्यावर ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा माणिकबाईनं वाकून आकडा वाचला. त्यानं सवयीनं वरून कोथिंबीर टाकली, तर तिनं ती काडी उचलून परत गाडीवर ठेवली.

"हे नको, धर्मा. मोजलेलंच दे."

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

ते वजन त्याला फेकून द्यायचं होतं. रागिणीनं फेकू दिलं नाही. "भरून आना," एवढंच म्हणाली. त्यानं नवं शिसं ओतून घेतलं, आकड्यासकट बरोबर पाचशे करून घेतलं, वजनमापाच्या ऑफिसात रांगेत उभं राहून शिक्का मारून आणला. तिनं ते उचलून क्लबात नेलं आणि दाराजवळच्या स्टुलावर ठेवून दिलं. आता तिथं येणारं प्रत्येक पोरगं आधी त्यानं घोडा तपासतं.

एकदा धर्मेंद्र तिचा विसरलेला डबा द्यायला वर गेला. नवीन आलेली एक चिमुरडी ते वजन उलटंपालटं करत होती. बुडाशी शिशाचा नवा गोळा चकचकत होता.

"ताई, हे कोणाचं आहे?"

धर्मेंद्र दारातच थबकला. रागिणीनं त्याला पाहिलं. अकोल्यात तिनं क्षणाचाही विचार केला नव्हता. आता केला. जणू तीही आता मोजत होती.

"माह्या बाबाचं," ती म्हणाली. "पह्यले कमी होतं. आता बरोबर आहे. तरी तू काट्यावर ठेवून पाह्य."

पोरगी वजन घेऊन काट्याकडे गेली. धर्मेंद्र डबा हातात धरून तिथंच उभा राहिला, आकडा येईपर्यंत.