शाईचा रूळ

मित्रांनो, पांढुर्ण्याच्या शाळेत, कलेच्या वर्गात खिळ्याला टांगलेला मी एक जुना शाईचा रूळ. लाकडी मूठ आणि रबरी अंग, एवढाच माझा देह.

माझी उमेदीची वर्षे सौसरला पुंडलिकरावांच्या छापखान्यात गेली. लग्नपत्रिकेची पहिली प्रत माझ्याच शाईने निघे. पुढे संगणक आले आणि मी एका डब्यात जाऊन पडलो. किती काळ, कोण जाणे! मग एक दिवस अनुराधा मॅडमनी मला शाळेत आणले. अकरावीला त्या मुद्राचित्रण शिकवत. मुले लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीच्या, तुकड्यावर चित्र कोरत, मी त्यावर शाई फिरवी, आणि कागद उचलला की चित्र उलटे होऊन वर येई. वर्गात रूळ मी एकटाच.

तिगावची स्नेहा फार मन लावून कोरायची. पण दिवाळीच्या सुटीची घंटा झाली आणि ती मला शाईसकट पालथा टाकून पळाली. सुटीनंतर पाहतात तो शाई वाळून दगड झालेली, अन् एकाच अंगावर पडून माझी एक बाजू चपटी! प्रॅक्टिकल तोंडावर आलेले.

"आता आम्ही काय हातानं शाई फासू?" वर्गातला रोशन चिडला.

स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आले. मॅडमना विचारून तिने मला, शाईला आणि आपल्या कोरलेल्या लिनोला घरी नेले. अंगणात बसून गोडे तेल लावायचे, चिंधीने पुसायचे, पुन्हा लावायचे.

तिची आई शांताबाई कापूस वेचून आली. हा विषय तिला आधीच पटत नव्हता. "काय करून राहिली वं? फेक ते. पुढच्या साली दुसरा विषय घे."

"माये, सगळ्यायचं काम याच्यावर हाय. मीच बिघडवला."

शाई निघाली, चपटेपणा राहिला. पुरा फिरवला की चित्रात पांढरा पट्टा उमटे. शेवटी तिला युक्ती सुचली. चांगल्या बाजूने चार बोटे फिरवायचे, उचलायचे, पुन्हा तीच बाजू टेकवून पुढे. असे थोडे थोडे करून शाई सारखी बसली. तिने कागद दाबला, चमच्याच्या पाठीने घासला आणि हळूच सोलला.

कपाशीत वाकलेली एक बाई. ओटी कापसाने भरलेली, डोक्याला फडके.

शांताबाई खाली बसली. "हे त मीच हाय!" मग पदराला हात पुसून म्हणाली, "मले दाखव बरं, कसं फिरवतात ते."

त्या राबणाऱ्या हाताखाली मी फिरलो. एवढा मान मला छापखान्यातही मिळाला नव्हता.

प्रॅक्टिकल पार पडले. रोशनलाही स्नेहानेच ती युक्ती शिकवली. बारावीलाही तिने हाच विषय ठेवला आहे.

मित्रांनो, चपटे झालेले रबर पुन्हा गोल होत नाही. म्हणून काम संपले की घाई असली तरी दोन मिनिटे थांबा. हत्यार पुसा, टांगा, मग खुशाल सुटीला पळा. तुमच्यानंतर त्याला हात लावणारे कोणी तरी असतेच.