खालचा उजवा कोपरा

रविवारी दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की गंगूताई पदराने चष्मा पुसायच्या आणि हात पुढे करायच्या. त्या हातात किशनरावांचं साप्ताहिक पडलं पाहिजे, तेही चौथं पान वर करून. हिंगोलीतल्या रस्त्यांचे खड्डे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस कुणी वाचो न वाचो, चौथ्या पानावर रेवतीचं शब्दकोडं असायचं. ते सोडवणारे गावात पुष्कळ होते, पण पहिला मान गंगूताईंचा.

गंगूताई म्हणजे रेवतीच्या थोरल्या नणंद. पंचाहत्तरी उलटलेली, पण अक्षर अजून बालवाडीच्या फळ्यावर काढायच्या तसं गोल. रेवतीचा नवरा राधाकृष्ण, म्हणजे गंगूताईंचा पाठचा भाऊ, कोर्टात कारकून होता. तो वारला, मुलगा श्रेयस नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि घरात ह्या दोघी उरल्या. रेवती मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिला रिकामी बघून किशनराव एकदा म्हणाले होते, "वहिनी, घरात बसून काय करून राहिल्या? आम्हाला कोडी द्या." तेव्हापासून ती देत होती.

रेवतीच्या कोड्यांना विषय असायचा. दसऱ्याला दसऱ्याचं, महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेचं, हळद बाजारात आली की हळदीचं. लोकांना ते आवडायचं. गंगूताईंना नाही.

"हळदीचं कोडं म्हटलं की मी वाचायच्या आधीच हळकुंड, मग गावं कुरुंदा, वसमत लिहून मोकळी," त्या म्हणायच्या. "सोडवायचं काय त्यात? वाढून ठेवलेलं ताट नुसतं ओढायचं पुढे."

"मग कसं करू?"

"विषयच ठेवू नको. मोकळं कोडं कर एखादं. सांडशीच्या शेजारी समुद्र आला पाहिजे. पुढचं पाऊल कुठं पडणार ते कळायला नको मला."

रेवतीने मनावर घेतलं. विषयाचं कोडं करणं सोपं असतं. शब्द आधी हातात असतात, घरं त्यांच्याभोवती आखायची. मोकळ्या कोड्याला धरायला काहीच नसतं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, एक लांब शब्द टाकायचा, आणि त्याच्या अक्षरांना धरून खाली उतरत जायचं, विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं. तिने 'उचलबांगडी' टाकला. सहा घरं, ऐटीत. त्याच्याखाली 'भरवसा' आला, 'निवडुंग' आला, पलीकडे 'सटरफटर' बसला तेव्हा ती एकटीच हसली. तीन-चार दिवस ती भाजी निवडतानाही बोटांवर अक्षरं मोजत होती. किशनरावांनी फोनवर विचारलं, "विषय नसल्यावर वर नाव काय द्यायचं?"

"काही देऊ नका."

"बिननावाचं? लोक म्हणतील, किशनराव विसरला."

"म्हणू द्या. हे वन्संसाठी आहे."

अडचण आली ती शेवटी, खालच्या उजव्या कोपऱ्यात. ती तिथेच येते. सगळीकडचे चांगले शब्द वापरून झालेले असतात आणि उरलेली चार घरं तोंड वासून बसतात. 'साहित्य' बसला होता, त्याच्याखाली 'वक्ता', दोन्हींमधून खाली उतरणारा 'हिवरा'. आता अगदी कडेच्या उभ्या ओळीत चार अक्षरांचा शब्द हवा होता, आणि त्याची शेवटची दोन अक्षरं ठरून गेली होती: त्य आणि क्ता. असा शब्द असतो कुठे? कोपरा मोडून काळी घरं घालता आली असती. पण कोड्याची एक रीत असते. खाली काळं केलं की वर समोरासमोर तेवढंच काळं करावं लागतं, नाही तर जाळी वाकडी दिसते. आणि वर 'उचलबांगडी' बसली होती. ती मोडायची म्हणजे सगळंच उसवायचं.

वरणाला फोडणी देता देता शब्द आला. परित्यक्ता. प, रि, त्य, क्ता. रेवतीने गॅस बारीक केला, ओल्या हातानेच कागदावर चार अक्षरं लिहिली. कोश उघडावा लागला नाही. खाली अर्थ लिहिला, 'नवऱ्याने सोडून दिलेली', आणि जाळी पूर्ण झाल्याच्या आनंदात पेन्सिल खाली ठेवली. कोडं करणाऱ्याला शेवटी शब्द दिसतच नाहीत, नुसती अक्षरं दिसतात. गवंड्याला विटा दिसाव्यात तशी.

रविवारी गंगूताई खिडकीशी बसल्या. रेवती शेजारी शेंगा सोलत होती. "सटरफटर," गंगूताई म्हणाल्या, "हे बरं सुचलं तुला." थोड्या वेळाने, "निवडुंगाला तू काटेरी भाऊबंद म्हटलंस. वा." त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड रेवतीने फार दिवसांत पाहिला नव्हता. मग त्या कागदावर आणखी वाकल्या. पेन थांबलं, पुन्हा चाललं. मग त्यांनी टोपण लावलं, पेपराची घडी घातली आणि चष्मा काढला.

"झालं?"

"झालं."

"कसं होतं?"

"चांगलं आहे. कोपरे बराबर बसलेत." आणि त्या आत जाऊन पडल्या. दुपारचं पडायची त्यांना सवय नव्हती. रेवतीला वाटलं, डोळे शिणले असतील.

सोमवारी शेजारची निता दह्याला विरजण मागायला आली.

"काकू, अवघड होतं हो कालचं. आमच्या सासूबाईंनी अर्धं सोडवलं आणि शेवटचा उभा शब्द वाचून कपाळाला हात लावला."

"का? अर्थ चुकला का माझा?"

"चुकला कसला." निता वाटीकडे बघत राहिली. "त्या म्हणाल्या, रेवतीबाईंनी घरातल्याच माणसाला पेपरात घातलं की."

रेवतीच्या हातातलं विरजण वाटीबाहेर सांडलं.

निता गेल्यावर तिने पेपर काढला. जाळीतली सगळी अक्षरं निळी, गोल. खालच्या उजव्या कोपऱ्यातली चारही तशीच. खाडाखोड नाही, कंप नाही. कडेच्या ओळीत एकाखाली एक उभी.

गंगूताई लग्न होऊन वाशिमकडे गेल्या आणि दीडेक वर्षात परत आल्या. नवऱ्याने अकोल्यात दुसरं घर केलं, इकडे कधी चौकशी केली नाही. पुढे सगळं आयुष्य त्यांनी भावाच्या घरात काढलं, बालवाडीत गावातली निम्मी लेकरं शिकवली, श्रेयसला मांडीवर वाढवलं. रेवती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला घरातलं सगळं सांगितलं. ही गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही. ती तिला आपोआपच कळली होती, जशी घरातली खोल पायरी पायाला कळते.

गंगूताई मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. रेवती समोर जाऊन बसली.

"वन्सं, माझ्या ध्यानातच आलं नाही."

"काय?"

"तो शब्द."

"चार घरांचा होता. बसला की."

"मी अक्षरं बघत होते हो. अर्थ बघितलाच नाही."

"अर्थ तर तूच लिहिलास खाली." गंगूताईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी खुशीत होते बघ. म्हटलं, विषय नाही, आता कुठंही जाता येईल. आणि फिरून फिरून आले कुठं, तर आपल्याच दारात."

"मी मुद्दाम नाही केलं."

"ते माहीत आहे मला. मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते." त्यांनी तांदूळ बोटांनी पसरले. "राधाकृष्णाला कुणी विचारायचं, ताई माहेरी आलीय का? तो म्हणायचा, ताई तिच्या घरी आहे. इतकंच. त्याच्यामुळं मला वाटायचं, तो शब्द ह्या घरात नाहीच. आता कळलं, होता. फडताळात वर कुठं तरी ठेवलेला होता. लागला तेव्हा तुझ्या हाताला पटकन आला."

रेवतीला म्हणायचं होतं, तसं नाही. पण बाकीच्या प्रत्येक शब्दासाठी तिने कोशाची पानं चाळली होती आणि ह्या एकासाठी नाही, हे तिचं तिला ठाऊक होतं. तांदूळ निवडून झाले तशा गंगूताई उठून गेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी पेपरासाठी हात पुढे केला नाही. त्याच्या पुढच्याही. बाकी सगळं ठीक चाललं होतं. दोघी जेवत होत्या, मोबाइलवर श्रेयसशी बोलत होत्या, नेहमीची मिराबाई तांड्यावरून सीताफळं विकायला आली तर घासाघीस करत होत्या. मिराबाईच्याही काही तरी ध्यानात आलंच. "काहून गं, दोघी एकमेकीला इतकं गोड बोलून राहिल्या?" ती म्हणाली. "घरात पाव्हणे हायेत का?"

शेवटी रेवतीला एकच मार्ग सुचला, जो तिला येत होता तो. तिने आणखी एक मोकळं कोडं केलं, छापायला नव्हे, फक्त वन्संना द्यायला. त्यात 'बालवाडी' आली, 'गोधडी' आली, त्यांच्या हातचे 'धपाटे' आले, मधोमध 'थोरली' आली. प्रत्येक अर्थ तिने दहादा वाचून लिहिला. कोपरे मोडले, पुन्हा बांधले. एका दुपारी तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

गंगूताईंनी चष्मा लावला, पाच-सहा शब्द भरले आणि पेन खाली ठेवलं.

"ह्याला विषय आहे."

"नाही वन्सं."

"आहे. मीच आहे." त्यांनी कागद रेवतीकडे सरकवला. "त्या दिवशी चार घरांत होते, आज पानभर पसरलेय. काहून असं करतीस? मला कोड्यात नको घालू गं. वाईट नको तसं चांगलंही नको."

"मग मी काय करू? चुकलं माझं."

"बरं," गंगूताई म्हणाल्या. त्यांनी रेवतीच्या हातावर हातही ठेवला क्षणभर. पण त्या 'बरं'ने काही मिटलं नाही. पाहुण्याच्या हातून लोटा लवंडला तर आपण म्हणतोच ना, असू द्या. तसलं ते बरं होतं.

रेवतीने किशनरावांना कळवून टाकलं की आता जमणार नाही. ते बरेच हळहळले, मग कुठून तरी तयार कोडी मिळवून छापू लागले. ती चुकीची असायची. रेवती ती वाचतही नसे. तिला राहून राहून वाटायचं, वन्संनी आयुष्यात मागितलं काय, तर एक बिनविषयाचं कोडं. तेवढंही आपल्या हातून धड झालं नाही.

दिवाळी होऊन थंडी पडली तेव्हा गंगूताईंनी तिच्याकडे चौकटीचे कागद मागितले. "किराण्याची यादी करायला?" रेवतीने विचारलं. "असू दे, दे," त्या म्हणाल्या. मग कितीतरी दिवस सकाळच्या उन्हात पाठमोऱ्या बसून त्या काही तरी करत होत्या. खोडरबराचा चुरा अंगणात पडलेला दिसायचा.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्यांनी एक कागद रेवतीपुढे ठेवला. पट्टीने आखलेली जाळी, निळ्या शाईने भरलेली काळी घरं, खाली गोल अक्षरात आडवे-उभे.

"सोडव."

रेवतीने पेन्सिल घेतली. ती एकेक शब्द भरत गेली आणि प्रत्येक शब्दात काही तरी शोधत गेली. भोपळा. मामलेदार. कासव. दोरखंड. कशाचा कशाशी संबंध नव्हता. 'जवळचं माणूस', तीन घरं. तिने घाईघाईने 'रेवती' लिहिलं, मग आडव्या शब्दाने पहिलं अक्षर 'शे' आणून ठेवलं आणि तिला खोडून 'शेजारी' लिहावं लागलं. तिने मान वर केली. गंगूताई तिच्याकडेच बघत होत्या.

"धुंडू नको काही. विषय नाही त्याला."

ती खाली उतरत गेली. सोपे, रोजचे शब्द, काही अर्थ लांबलचक, काही नीट न सांगता आलेले. नवशिक्या हाताचं काम होतं. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात येऊन तिची पेन्सिल थांबली. तिथे काळ्या घरांचा ढीगच होता, एकाला एक चिकटून. वर त्यांच्या समोर काहीच नव्हतं. सगळी जाळी एका बाजूला कलंडल्यासारखी दिसत होती. शाळेत एखाद्या मुलीने अशी आखून आणली असती तर रेवतीने परत पाठवली असती.

"इथं काय झालं, वन्सं?"

"एक शब्द बसत होता तिथं. सोपा होता, सगळ्यांना आला असता." गंगूताईंनी शालीचं टोक सारखं केलं. "मला नको वाटला. मग केलं काळं."

"वर जोडीला घरं नाहीत."

"नसू दे."

कोणता शब्द, कुणाच्या मनाला लागणारा, हे रेवतीने विचारलं नाही. ती त्या काळ्या ढिगाकडे बघत राहिली. शाई जास्त झाली होती, कागदाच्या पाठीमागे उमटली होती. आपणही एवढंच करायचं होतं. जाळी वाकडी झाली असती, किशनराव हसले असते, गावातल्या दोन-चार जणांनी नावं ठेवली असती. उचलबांगडी गेली असती, तर गेली असती.

"अडलं का?" गंगूताईंनी विचारलं.

"हो," रेवती म्हणाली.