मोठ्याने वाचायची जागा

मी बाक आहे. जुना आहे, पण मोडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक माझ्याकडे बघून लगेच "अरेरे, बिचारा!" म्हणतात आणि मला त्याचा भारी राग येतो. माझे चारही पाय अजून जमिनीला नीट टेकतात.

मित्रांनो, खडवलीला एका शाळेचं छप्पर उतरवलं, तेव्हा सागवानी तुळया निघाल्या. गणू सुतारानं त्यातली एक उचलली, चिरली, तिच्यावर रंधा मारला आणि मला घडवलं. गणू कामाला चोख, पण तोंडाचा फटकळ. मला टेम्पोत चढवताना हमालाला म्हणाला, "सांभाळून रे, तुझ्यापेक्षा हा जास्त वर्षं टिकणार आहे." तेव्हापासून मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या एका वाचनालयात आहे.

आमच्या वाचनालयात खाली चपला काढायची जागा आणि वर पुस्तकं व वाचन कक्ष. मध्ये एकवीस पायऱ्या. अकराव्या पायरीला जिना वळतो, तिथल्या खिडकीखाली मला ठेवलं होतं. दमलेल्यांनी जरा टेकावं, एवढंच माझं काम. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं माझ्यावर बसून डबा खायची. विकी नावाच्या एका उपद्व्यापी मुलानं कर्कटकानं माझ्या पाठीवर स्वतःचं नाव कोरलं. आता तो मोठा वकील झालाय म्हणे. मी कौतुक करतो, पण थोडं नाक मुरडूनच. एका वार्षिक सभेत अध्यक्षांनी भाषणात माझा उल्लेखही केला होता, "ज्येष्ठांची सोय" म्हणून. त्या आठवड्यात मी जरा ताठच उभा होतो.

पण माझ्या आयुष्यातली खरी गोष्ट सुरू झाली ती रंगूबाईंमुळे. दर शनिवारी संध्याकाळी वर मुलांसाठी गोष्टींचा तास असायचा. रंगूबाई आपल्या नातीला, निशिगंधाला, घेऊन यायच्या. त्या इथल्याच, आगरी घरातल्या. जिथे त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता अठरा मजले उभे आहेत. गुडघे दुखायचे म्हणून नातीला वर पाठवून त्या माझ्यावर बसायच्या. शेजारी मारुतीराव. ठाण्याला वागळे इस्टेटच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ मशीनवर काम करून निवृत्त झालेले. त्यांना दम लागायचा, म्हणून ते वरून पेपर मागवून माझ्यावरच वाचायचे.

पहिल्याच दिवशी रंगूबाईंनी विचारलं, "काय लिवलंय रं त्यात?"

मारुतीराव चपापले. साताऱ्याकडचा माणूस, परक्या बाईनं असं एकदम अरे-तुरे केलेलं त्यांना नवीन होतं. रंगूबाई मात्र सगळ्या जगाला तसंच बोलायच्या. "सगळा पेपर सांगत बसू काय?" ते म्हणाले. "वाचा की स्वतः."

"वाचता आलं असतं तं तुना कनाला इचारलं असतं?"

झालं! त्या दिवशी मारुतीरावांनी अख्खा पेपर वाचून दाखवला, अगदी निधनवार्तांसकट.

पुढे एकदा आमच्या ग्रंथपाल संचिताताई जिना उतरत होत्या. त्यांनी रंगूबाईंना पाहिलं आणि सभासदत्वाचा अर्ज आणून दिला. "आजी, किती दिवस जिन्यात बसणार? सभासद व्हा. आमच्याकडे गोष्टी ऐकायची यंत्रंही आहेत. सही येत नसेल तर अंगठा चालेल."

रंगूबाईंचा चेहरा बदलला. "अंगठा नाय देनार," त्या म्हणाल्या. "मागं एकदा दिलेला. त्या कागदावं काय व्हतं ते मना आजून ठावं नाय. शेत गेला. आता काय लिवलंय ते मीच वाचीन, आनि मंग सही करीन."

रंगूबाईंनी अर्जाची घडी घालून ती चंचीत, पानसुपारीच्या पिशवीत, ठेवली. पुढच्या शनिवारी मारुतीराव पाटी-पेन्सिल घेऊन आले.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस! दोघं भांडायचे किती! "अहो, हा 'र' आहे, कोयता नाही," असं मारुतीराव म्हणायचे. "मंग कोयत्यावानी कनाला काढतंस?" असं रंगूबाई विचारायच्या. एक गोष्ट मात्र मी नीट पाहिली. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. तोंडानं आवाज काढला, तरच अक्षर हाती लागायचं. "ना... व. नाव!" असं त्या म्हणाल्या की जिना घुमायचा. वर वाचन कक्षात असं कोणी करू शकत नव्हतं. पण जिन्यात कोण अडवणार? पावसाळा सरेपर्यंत त्यांना स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं. अर्जातले निम्मे शब्द अजून वाचायला शिकायचे होते.

आणि मग आमच्या वाचनालयाचं नशीब उघडलं. अनुदान मिळालं, देणगीदार मिळाले. खाली उतरता रॅम्प झाला. लिफ्ट आली. वर काचेचे दरवाजे आले, एसी आला, लहान मुलांचा रंगीत कोपरा आला. मी खोटं बोलणार नाही, सगळं छान झालं. चाकाच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ बारा वर्षांनी स्वतः पुस्तक निवडायला वर गेले, तेव्हा मलाही भरून आलं. पण कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलं, की आग लागली तर पळता यावं म्हणून जिना मोकळा हवा. शिवाय आता लिफ्ट आहे, दमणार कोण? मला खाली आणून चपलांच्या मांडणीशेजारी उभं केलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. भंगारवाल्याला निरोप गेला. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

लिफ्ट सुरू झाली त्या शनिवारी रंगूबाई नव्या लुगड्यात आल्या. नातीचा हात धरून, मारुतीरावांबरोबर वर गेल्या. दहा मिनिटांत खाली आल्या. मागोमाग मारुतीराव.

"काय झालं? चला की परत."

"वर समदी मुकी बसल्यात. मी नुसता 'स' बोलली, तं येक पोरगी वलून बगली. तिचा काय चुकला? तिची परीक्षा हाय." त्यांनी चंचीतून अर्ज काढला आणि मारुतीरावांच्या हातात ठेवला. "तुझ्याकडंच ठेव ह्यो. माझी जागा नाय इथं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी इथेच आहे हो, या प्लास्टिकच्या आत! पण बाकाचं कोण ऐकतं?

पुढचे तीन शनिवार निशिगंधा आईबरोबर आली. रंगूबाई आल्या नाहीत. मारुतीराव वर पेपर वाचायला जायचे आणि लगेच खाली यायचे. तिसऱ्या शनिवारी त्यांनी संचिताताईंना दारातच गाठलं.

"मॅडम, आपल्या वाचनालयात वाचायला जागा कुठाय?"

ताई हसल्या. "अहो काका, वर एवढा मोठा हॉल केलाय!"

"तो मनात वाचणाऱ्यांचा. तोंडानं वाचणाऱ्यांचा कुठाय? होता तो तुम्ही जिन्यातून काढलात."

ताईंचं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "तो बाक काढा म्हणून मीच बैठकीत सांगितलं होतं, काका. जिना मोकळा करताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग त्यांनी स्वतः माझं प्लास्टिक फाडलं. शिपायाला हाक मारून मला रॅम्पच्या बाजूच्या पडवीत, दाराबाहेर नेऊन ठेवलं. भिंतीवर कागद लावला : 'शनिवारी चार ते सहा, इथे मोठ्याने वाचावे.'

कार्यकारिणीतले एक सदस्य तणतणत आले. "ताई, हे वाचनालय आहे का भाजीमंडई?"

"दोन तास भाजीमंडई," ताई म्हणाल्या. "मग पुन्हा वाचनालय."

मारुतीराव त्याच संध्याकाळी थांबत थांबत रंगूबाईंच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण पुढच्या शनिवारी रंगूबाई आल्या, तोंड फुगवून, आणि माझ्यावर धपकन बसल्या. "याचा रंग गेलाय कं रं?" एवढंच म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

आता त्या एकट्या नसतात. समोरच्या सोसायटीचा वॉचमन येतो, घरकाम करणाऱ्या दोघी येतात. सगळे एकदम मोठ्यानं वाचतात. कलकलाट होतो, पण मला तो आवडतो.

गेल्या शनिवारी रंगूबाईंनी मारुतीरावांकडून अर्ज मागून घेतला. घड्या पडून तो मऊ झाला होता. एकेक ओळ त्यांनी वाचली. पाऊण तास लागला. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वयाच्या रकान्याशी थोडं भांडण झालं, कारण जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. मग आला पुढचा शब्द. "शि... क्ष... न. शिक्षण." त्या थांबल्या.

"तिथे रेघ मारा," मारुतीराव हळूच म्हणाले. "रिकामं सोडलं तरी चालतं."

रंगूबाईंनी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिलं. मग पेन घट्ट धरून, एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत त्यांनी लिहिलं : 'चालू'. खाली सही केली. संचिताताईंनी अर्ज वाचला. शिक्का मारला, तो उलटा लागला. मग दुसऱ्यांदा नीट मारला.

मित्रांनो, माझ्यासाठी फार काही मागत नाही. वर्षातून एकदा पॉलिश केलंत तर बरं वाटेल. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमच्या शेजारी कोणी अडखळत, मोठ्यानं वाचत असेल, तर हसू नका. आणि पुढचा शब्द पटकन सांगूनही टाकू नका. थांबा थोडं. तो शब्द त्यांचा त्यांना येऊ द्या.