तोरुनच्या काचघराचा दरवान

मित्रांनो, मी एक जुना, पुस्तकाएवढा संगणक आहे. नॉर्वेच्या एका बेटावर, टोमॅटोच्या खोक्यांमागच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मला ना पडदा ना कळफलक, त्यामुळे येणारेजाणारे मला बहुधा चार्जर समजतात. समजोत बापडे.

माझं तरुणपण स्टाव्हांगर शहरातल्या एका कचेरीत गेलं. ‘केवढासा आहे, पण काम बघा!’ असं तिथे माझं कौतुक होई. पुढे माझ्याहून वेगवान मंडळी आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. फार वाईट वाटलं. तिथून मला उचललं ते आर्विदनं. तो टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. त्याची धाकटी बहीण तोरुन बेटावरच्या काचघरात टोमॅटो पिकवत असे.

तोरुनची मोठी पंचाईत होती. छताच्या खिडक्या उघडायचा जुना प्रोग्रॅम फक्त काचघरातल्या संगणकावरच चाले. ऊन पडलं की खिडक्या उघडायलाच हव्यात, नाहीतर आत रोपं शिजायची. इकडे हे, आणि म्हातारी आई समुद्रापलीकडे स्टाव्हांगरच्या इस्पितळात. बिचारीनं आईजवळ बसावं की रोपांजवळ?

आर्विदनं मला दरवान केलं. माझ्या पोटात त्यानं तीन कंटेनर मांडले, म्हणजे तीन वेगवेगळे बंद डबेच म्हणा. पहिला दारावर नाव आणि पासवर्ड विचारी. दुसरा काचघरातल्या संगणकाचा पडदा तोरुनच्या फोनवर नेऊन दाखवी. कुणाला आत सोडायचं आणि कुठे न्यायचं, हे तिसरा लक्षात ठेवी. मग तोरुन आईच्या उशाशी बसून खिडक्या उघडू लागली. मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मार्चमधल्या एका ढगाळ सकाळी इस्पितळातून फोन आला, की आईचं काही खरं नाही, लगेच या. तोरुन कोट चढवत होती आणि आर्विद लॅपटॉप उघडून माझ्या पोटात डोकावत होता.

“नवी आवृत्ती आलीय. जुने डबे टाकायचे, नवे मांडायचे. पाच मिनिटं!”

“आज? अरे, बोट सुटेल!”

“जुन्या दाराला भोक पडलंय म्हणे. चोर शिरला म्हणजे?”

“काय नेणारे तो, टोमॅटो? ऊठ आता, ऊठ!”

डबा टाकला की त्यातलंही सगळं जातं. म्हणून आठवणी डब्याबाहेर, माझ्या डिस्कवर ठेवायच्या असतात. आर्विदनं त्या तिसऱ्या डब्यातच ठेवल्या होत्या. नवा डबा कोरा आला. दार उघडतंय का, हे न बघताच दोघं बोटीकडे पळाली.

दुपारी ढग हटले आणि लख्ख ऊन पडलं. तोरुननं इस्पितळातून दार ठोठावलं, पुन्हा पुन्हा ठोठावलं. मी तिला ओळखलं नाही. तो प्रोग्रॅम चालवणारं बेटावर दुसरं कुणी नव्हतं. ती परत यायला निघाली, तेव्हा आर्विदनं तिला खाली बसवलं. “घोळ माझा आहे, मी जातो,” म्हणाला. हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

तो धापा टाकत आला आणि त्यानं खिडक्या उघडल्या. उन्हाकडच्या दोन ओळी करपल्या होत्या, बाकीची रोपं वाचली. मग त्यानं फोन लावून माझ्याशेजारी ठेवला.

“कशी आहे गं?”

“शुद्धीवर आलीय. तुलाच विचारतेय.”

“मी निघाल्यावर होय? वा, म्हातारे!”

“थांब, फोन तिच्या कानाशी धरते.”

“आई, मी आर्विद. खिडक्या उघडल्या हं. रोपं छान आहेत.”

मग तोरुन म्हणाली, “हसली रे. म्हणतेय, झालं ना, मग आता ये इकडे.”

पुढची बोट संध्याकाळची होती. ती पलीकडे लागेपर्यंत आई गेली होती.

तोरुन त्याला एका शब्दानंही लागेल असं बोलली नाही. आठवड्यानं त्यानं माझ्या आठवणी डब्याबाहेर नीट ठेवल्या. मग दार उघडतंय ना, हे त्यानं फोनवरून तीनतीनदा बघितलं.

मित्रांनो, आम्हां यंत्रांची निगा जरूर राखा, आमच्या दारांना भोकं राहू देऊ नका. पण नवं मांडण्याआधी जुनं जपून ठेवा आणि दार एकदा स्वतः उघडून बघा. आणि जवळचं माणूस वाट बघत असेल, तर हातातलं काम तसंच टाकून उठा. आमचं काय, आम्ही थांबतो.